लसणाचे तीन गड्डे

परीक्षेत कॉपी करणारी मुले पकडण्यात माझी वीस वर्षे गेली. तळहातावर लिहिलेले, फूटपट्टीच्या मागे लिहिलेले, मोज्यात दडवलेली चिठ्ठी, सगळे मला लांबूनच कळते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांच्या घरात मराठी कमी बोलली जाते, त्यामुळे निबंध गाइडमधून जसाच्या तसा उतरवून आणायची सवय जरा जास्त. "नक्कल नको. चारच ओळी लिहा, पण आपल्या लिहा," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले आहे की मुले माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवतात.

अशा बाईने चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच नक्कल करायला बसावे, आणि त्यातून काही शिकावे, याची मलाच गंमत वाटते. या गोष्टीत माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

आम्ही निघोजे गावात राहतो. नाव सांगितले की लोक विचारतात, "म्हणजे पारनेरचे निघोज का, रांजणखळग्यांचे?" ते नव्हे. आमचे निघोजे खेड तालुक्यात, इंद्रायणीच्या काठी, चाकणच्या एमआयडीसीला लागून आहे. महिंद्रा आणि फोक्सवॅगन यांचे मोटारींचे कारखाने इथेच. पूर्वी जिथे शेते होती तिथे आता कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. सकाळी शिफ्टच्या बसगाड्या आणि दिवसभर नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर. माझे पती सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतात. अम्मीच्या इंतकालनंतर अब्बाही मालेगावहून आमच्याकडे राहायला आले.

अब्बांचा पेशा किताबतीचा. मुंबईच्या एका उर्दू रोजनाम्यात त्यांनी पंचवीस वर्षे कातिब म्हणून काम केले. नव्या पिढीला सांगावे लागेल की त्या काळी उर्दू वर्तमानपत्र अक्षरशः हाताने लिहिले जात असे. बातमी आली की कातिब ती बोरूने नस्तालिकमध्ये लिहून काढायचे आणि तो कागद छपाईला जायचा. मग 1981 साली मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालिक ही संगणकाची लिपी तयार झाली. 1994 मध्ये इनपेज नावाचे सॉफ्टवेअर आले, आणि एकेका दैनिकातले कातिब घरी जाऊ लागले. अब्बाही गेले. नंतर मालेगावात दुकानांच्या पाट्या आणि शादीच्या पत्रिका लिहून त्यांनी आम्हाला शिकवले. आता त्यांचा हात थरथरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

चित्रकलेशी माझे नाते अर्ध्यात तुटलेले. आठवीत असताना मी एलिमेंटरीची शासकीय रेखाकला परीक्षा दिली होती. शाळेनेच रंग दिले होते. नववीत इंटरमिजिएटचा फॉर्म आणला तेव्हा अब्बा म्हणाले, "स्मरणचित्रात माणसं काढावी लागतात. जानदार की तस्वीर हमारे यहाँ नहीं बनती." विषय संपला. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रातही माणसे होती आणि तेव्हा अब्बा काही बोलले नव्हते, हे त्या वयात माझ्या ध्यानात आले नाही. "आमचे अब्बा दीनच्या बाबतीत कडक होते, म्हणून माझी चित्रकला राहिली," असे मी पुढे तीस वर्षे मैत्रिणींना सांगत आले.

गेल्या वर्षी माझी लेक नववीत गेली आणि तिने इंटरमिजिएटचा फॉर्म भरला. या परीक्षेची श्रेणी दहावीच्या निकालात उपयोगी पडते. अ श्रेणीला 7, ब ला 5 आणि क ला 3 वाढीव गुण मिळतात. पण तिची गाडी स्थिरचित्राशी अडली. समोर माठ, फळे, कापड अशा वस्तू मांडलेल्या असतात आणि त्या बघून रंगवायच्या असतात. तिचा माठ नेहमी एका बाजूला कलायचा. तिच्या चित्रकलेच्या सरांनी उपाय सांगितला, "आधी एखाद्या मोठ्या चित्रकाराचे स्थिरचित्र जसेच्या तसे उतरव. त्याने काय पाहिले ते कळेल. मग आपल्या वस्तू मांड."

ती एकटी बसायला कंटाळायची. मी म्हटले, "चल, मीपण बसते."

बसण्याआधी मी अब्बांना विचारले. चित्रांच्या मसल्यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत आणि त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण घरात बुजुर्ग असताना न विचारता करणे बरे वाटेना. अब्बांनी बुखारी शरीफमधला वाकया सांगितला. एक माणूस हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आला आणि म्हणाला की माझी रोजी हाताच्या कामावर आहे, मी चित्रे बनवतो. इब्ने अब्बास यांनी त्याला हदीस ऐकवली. ती ऐकून त्या माणसाचा चेहरा उतरला. तेव्हा ते म्हणाले की करायचेच असेल तर झाडे काढ आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ. "पेला, किटली, लसूण," अब्बा हसून म्हणाले, "इनमें क्या हर्ज है?"

लसूण म्हणाले, कारण आम्ही निवडलेले चित्र त्यांनी पाहिले होते. शार्दां नावाच्या फ्रेंच चित्रकाराचे ते चित्र आहे. 1699 मध्ये पॅरिसमध्ये एका सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला आणि 1779 मध्ये तो वारला. त्याचे समकालीन राजे-राण्यांची आणि लढायांची चित्रे रंगवत होते, तेव्हा हा स्वयंपाकघरातली भांडी रंगवायचा. हे चित्र सुमारे 1761 सालचे. आता अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. आकार सुमारे 32 बाय 41 सेंटीमीटर, म्हणजे भिंत भरणारे काही नाही. दगडी कट्ट्यावर पाण्याचा एक काचेचा पेला, कॉफीची एक तपकिरी किटली आणि लसणाचे तीन गड्डे. कुठल्याही घरातल्या ओट्यावर दिसेल असे. म्हणूनच आम्हाला आवडले. चाकणच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची रंगीत प्रत काढून आणली.

पहिला प्रयत्न ईशाच्या नमाजनंतर सुरू झाला आणि तासाभरात संपला. लसूण पांढरा असतो म्हणून मी पांढरा पोस्टर कलर लावला. पाण्याच्या पेल्यालाही पांढरा लावला. लेकीने बघितले आणि म्हणाली, "अम्मी, हा दुधाचा ग्लास आहे." लसणाचे गड्डे फुग्यांसारखे हवेत तरंगत होते.

दुसऱ्यांदा मी प्रतीवर पेन्सिलीने चौकोन आखले, तेवढेच चौकोन कागदावर आखले आणि एकेक चौकोन उतरवत गेले. चित्र बऱ्यापैकी उतरले. पण चौकोन पुसल्यावर किटली स्वतःच्या हाताने काढायला गेले तर पुन्हा वाकडी. चौकोनांनी काम केले होते. मला काही आले नव्हते.

अब्बा तख्तावर बसून दोन दिवस हे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावले. म्हणाले, "मश्क कशी करतात ते तुला माहीत आहे ना?"

खत्ताती शिकताना उस्ताद एक ओळ लिहून देतात आणि शागीर्द ती शेकडो वेळा गिरवतो, त्याला मश्क म्हणतात. लहानपणी मी अब्बांना रोज मश्क करताना पाहिले होते. पण त्याचा कायदा मला माहीत नव्हता. अब्बांनी सांगितले की नुसते बघून बघून लिहिले तर अक्षर कधीच बसत नाही. प्रत्येक अक्षराचे माप असते आणि ते फूटपट्टीने मोजत नाहीत. ज्या कलमाने लिहायचे त्याच कलमाने एक नुक्ता द्यायचा. तो नुक्ता हेच माप. नस्तालिकचा अलिफ तीन नुक्त्यांचा. कलम जाड असले तर नुक्ता मोठा आणि अलिफही मोठा. पण अलिफ तीनच नुक्त्यांचा राहणार.

मग त्यांनी थरथरते बोट त्या प्रतीवरच्या लसणावर ठेवले. "ये तेरा नुक्ता है. आता सांग, पेला किती लसणांचा?"

मी पेन्सिल डोळ्यासमोर धरून मोजले. पेला किती लसणांचा उंच, किटली किती लसणांची, दोघांच्या मधली मोकळी जागा किती लसणांची. चित्रकलेच्या सरांनी लेकीला हात लांब करून पेन्सिलीवर अंगठा सरकवत मोजायला शिकवले होते, ते हेच होते. आम्हा दोघींना ते आतापर्यंत परीक्षेतला एक उपचार वाटत होते. त्या रात्री पहिल्यांदा किटली माझ्या हाताने सरळ उभी राहिली.

त्यानंतर रंग कळायला लागले. सरांनी सांगितले होते की डोळे बारीक करून बघा. तसे बघितले की बारकावे जातात आणि फक्त उजेड-अंधार उरतो. मग लक्षात आले की शार्दांचा लसूण पांढरा नाहीच. सावलीकडे तो राखाडी आहे, मध्ये पिवळसर, सालीच्या रेघांजवळ फिकट जांभळा. निव्वळ पांढरा म्हणावा असा रंग जेमतेम एका पाकळीच्या कडेला आहे, आणि तो तेवढाच असल्यामुळे सगळा लसूण पांढरा दिसतो. पाण्याला तर रंगच नाही. पेल्यामागचा तपकिरी अंधारच थोडा उजळ करून आत उतरवलेला आहे. पाण्याच्या पातळीची एक लंबगोल रेघ आणि काचेवर उजेडाचा एक ठिपका. किटलीची अंधारातली कड त्याने काढलेलीच नाही, ती मागच्या रंगात विरून जाते. आपले डोळे ती पूर्ण करतात.

घरात रोज लसूण सोलणारी मी, तो कसा दिसतो हे मला एका फ्रेंच माणसाची नक्कल करताना कळले. चौथे चित्र मनासारखे झाले. लेकीचेही झाले, तिची किटली माझ्यापेक्षा चांगली.

आता माझ्या चुकीकडे येते.

त्याच सुमारास शाळेचे वार्षिक प्रदर्शन होते. शिक्षकांनीही काहीतरी ठेवावे असे ठरले. मी हे चित्र फ्रेम करून दिले. खाली कार्ड लावले होते, 'स्थिरचित्र', आणि माझे नाव. ते कार्ड मी केले नव्हते, पण वाचले होते आणि तसेच राहू दिले होते. उद्घाटनाला आलेले पाहुणे चित्रासमोर थांबले. म्हणाले, "मॅडम, रचना फार सुंदर केली आहे. लसूण ठेवण्याची कल्पना तर कुणाला सुचणार नाही."

रचना शार्दांची होती. लसूणही शार्दांचाच होता. मी म्हटले, "शुक्रिया."

पाहुणे पुढे गेले. माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा तिथेच उभा होता. दोन आठवड्यांपूर्वी मी त्याला निबंधात शून्य दिले होते. 'माझा आवडता ऋतू' हा निबंध त्याने गाइडमधून उतरवला होता. त्यात तो कोकणातल्या आजोळी पडवीत बसून पावसाच्या धारा बघत होता. त्याचे आजोळ बीडकडचे. मी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला, मुले हसली आणि तो मान खाली घालून उभा राहिला. आता तो चित्राकडे बघत होता. त्याने विचारले, "मॅडम, हे तुम्ही मनाने काढलं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरेच विचारत होता. मी म्हटले, "हो."

घरी येईपर्यंत तो 'हो' घशात अडकून होता. मगरिबनंतर अब्बांनी प्रदर्शनाचे विचारले. मी पाहुण्यांचे कौतुक सांगितले. मुलाचे सांगितले नाही. अब्बांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो मला नको होता, "चित्राच्या खाली काय लिहिलंस?"

"माझं नाव."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की त्यांच्या उस्तादांनी त्यांना नावाआधी लिहायचे दोन शब्द शिकवले होते. अक्षर आपल्या इल्मने लिहिले असेल तर 'कतबहू', म्हणजे 'याने लिहिले'. उस्तादांचा नमुना समोर ठेवून लिहिले असेल तर 'मशकहू', म्हणजे 'याने सराव केला'. 'कतबहू' लिहायला उस्तादांची इजाजत लागते. 'मशकहू' लिहायला लाज वाटायचे कारण नाही, कारण ज्याची मश्क केली त्याचा तो मान आहे. "नक्कल ऐब नहीं है, बेटा. नक्कल छुपाना ऐब है."

मी काही बोलले नाही. उठून जाऊ लागले तेव्हा त्यांनी थांबवले.

"तुला इंटरमिजिएटला बसू दिलं नव्हतं, आठवतं?" ते म्हणाले. "मसला अपनी जगह है. मी आजही जानदाराचं चित्र काढत नाही. पण त्या दिवशी बात मसले की नहीं थी. रोजनाम्यानं त्याच महिन्यात हिशोब करून घरी पाठवलं होतं. रंगांची पेटी आणायला पैसे नव्हते. बेटीला पैसे नाहीत म्हणून कसं सांगायचं? म्हणून मी दीन का नाम ले लिया. अल्लाह माफ करे."

मला काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगते. आधी राग आला. मग मनात हिशोब झाला. मी नववीत होते ते 1995 साल, इनपेज येऊन एक वर्ष झाले होते. अब्बा तेव्हा दिवसभर घरी असायचे आणि अम्मी चहात दूध कमी घालायची. हे सगळे मला दिसत होते, पण मी ते कधी एकत्र जोडून पाहिले नव्हते. आणि तीस वर्षे मी लोकांना काय सांगत आले होते? दीनमुळे माझी चित्रकला राहिली. चिठ्ठी अब्बांनी चुकीची लावली होती खरी, पण ती घेऊन घरोघर मी फिरले होते.

मी अब्बांचा हात हातात घेतला. तो थरथरत होता. दोघेही फार बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी आधी कार्ड बदलले. 'फ्रेंच चित्रकार शार्दां यांच्या चित्रावरून केलेली नक्कल', आणि त्याखाली माझे नाव. मग आठवीच्या वर्गावर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितले की काल मी खोटे बोलले. ज्या मुलाला मी वर्गासमोर लाजवले होते त्याची वर्गासमोरच माफी मागितली. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मग मॅडम, आम्हाला नक्कल करायची परवानगी?"

मी म्हटले, "आहे. पण कशी, ते ऐका."

मग त्यांना अजिंठ्याची गोष्ट सांगितली. शाळेच्या सहलीत मी मुलांना घेऊन तिथे गेले आहे. आत अंधार आणि भिंतीवरचे रंग ठिकठिकाणी गळून गेलेले. इंग्रजांच्या काळात रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून पुढची कितीतरी वर्षे तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. लंडनला नेलेल्या त्यातल्या बहुतेक नकला 1866 च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे नकला करत राहिले. त्यातल्याही बऱ्याच लंडनच्या संग्रहालयात 1885 मध्ये जळाल्या. तरी लोक थांबले नाहीत. 1909 ते 1911 च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन हे चित्रकार गुहांमध्ये बसून नकला करत होते. पुढे सय्यद अहमद यांच्याकडे अजिंठ्याच्या देखभालीची जबाबदारी आली. भिंतीवरचे काही भाग आज दिसत नाहीत, ते या नकलांमध्ये राहिले आहेत. यातल्या कुणीही 'हे मी मनाने काढले' असे म्हटले नाही. म्हणूनच आपण त्यांची नावे आदराने घेतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचेही सांगितले. तिथे चित्रकारांना परवाना घेऊन मोठमोठ्या चित्रांच्या नकला करू देतात. अट अशी की नक्कल मूळ चित्राच्या आकाराची नसावी, लहान किंवा मोठी असावी, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. म्हणजे नकलेने नक्कल म्हणूनच ओळखले गेले पाहिजे.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात निबंधाची पद्धत बदलली. आठवड्यातून एकदा मुले पाठ्यपुस्तकातला एखादा चांगला उतारा उघडपणे उतरवतात. वर लेखकाचे नाव लिहितात. लेखकाने कुठली वाक्ये लहान ठेवली, कुठे डोळ्यांनी पाहिलेले लिहिले आणि कुठे कानांनी ऐकलेले, ते आम्ही बोलतो. मग पुस्तक मिटायचे आणि आपल्या घरातल्या एखाद्या गोष्टीवर आठ ओळी लिहायच्या.

त्या मुलाने आपल्या अब्बांवर लिहिले. ते कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत. रात्रपाळी असली की दिवसा झोपतात, तेव्हा घरातले सगळे कुजबुजत बोलतात आणि अम्मी कुकर लावत नाही, शिट्टी होईल म्हणून. आठ ओळींत अकरा चुका होत्या. शुद्धलेखनाचे गुण कापून मी त्याला दहापैकी पाच दिले. त्याने वही उघडून ते पाच गुण शेजारच्याला दाखवले.

लेकीची परीक्षा झाली. तिला ब श्रेणी मिळाली. स्मरणचित्रात तिने बाजार काढला, त्यात माणसे होती. नानांना तिने चित्राबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "रंग पुरले ना?"

नकलेनंतरची पायरी माझी राहिली होती. आमच्याकडे गुरुवारी बऱ्याचदा दुरुस्तीसाठी लाइट जाते. अशाच एका सुटीच्या गुरुवारी खिडकीतून येणाऱ्या उजेडात मी माझ्या वस्तू मांडल्या. अब्बांची जुनी दवात, एक बोरू, आमचा रोजचा स्टीलचा पेला आणि लसणाचे तीन गड्डे. लसूण शार्दांकडून घेतला, हे लपवत नाही.

काचेपेक्षा स्टील अवघड निघाले. त्याच्यात सगळे घर दिसते. खिडकी, लसूण, दवात, आणि मध्ये लांबट झालेला माझा चेहरा. मी अब्बांकडे बघितले. तेही पेल्याकडेच बघत होते. दोघांना हसू आले. मी तिथे एक तपकिरी डाग ठेवला आणि पुढे गेले. या वेळी समोर उस्तादांचे चित्र नव्हते. दवातीचा काळा रंग लसणाच्या सावलीत किती उतरवायचा, हे मलाच ठरवायचे होते. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा पुसायला जागा उरली नाही म्हणून तसेच ठेवले.

असरच्या अजानपर्यंत चित्र झाले. सही करायच्या वेळी मी अब्बांना विचारले, "आता कतबहू?"

अब्बांनी चष्मा लावला. पेन्सिल मागितली. थरथरत्या हाताने ती चित्रातल्या लसणावर धरली, मग पेल्यावर. मग समोर मांडलेल्या खऱ्या लसणावर आणि खऱ्या पेल्यावर. बराच वेळ मोजत होते.

"पेला तीन लसणांचा आहे," ते म्हणाले. "तू अडीचचा काढलास. अलिफ छोटा है."

मग त्यांनी दवातीशेजारचा बोरू उचलला आणि चित्राच्या कोपऱ्यात, दोन्ही हातांनी धरून, माझ्या नावाआधीचा शब्द स्वतः लिहिला. मशकहू. किती तरी वर्षांनी त्यांनी बोरू हातात घेतला होता. रेघ हलली आहे. मी ती तशीच ठेवली आहे.